दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि मराठींतील आदराची भाषा

महाराष्ट्रांतील ज्या थोर पुरुषांच्या श्रमांचें फळ आपण रोज उपभोगतों, परंतु ज्यांचें नांव क्वचितच घेतों, त्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांची गणना प्रथम करावी लागेल. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, लिंग, वचन, विभक्ति हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं इतकीं बसलीं आहेत कीं, जणूं तीं मराठी भाषेबरोबरच जन्मास आलीं असावीं, असें त्यांस वाटतें. वस्तुतः मराठी मुलांनीं आपल्या भाषेचे नियम आपल्याच भाषेंत, शाळेच्या बांकावर बसून शिकावे, ही गोष्ट दोनशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत जवळजवळ अपरिचित होती. ती सुपरिचित करण्यांत ज्यांचा वांटा सर्वांत मोठा, त्या दादोबांचें चरित्र या लेखांत सांगावें व त्याबरोबरच व्याकरणांतील एका विशेष प्रकरणाकडे, म्हणजे भाषा आदर व कृतज्ञता कशी व्यक्त करते इकडे, वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे. आदर कोणास द्यावा हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकांत जितका येतो, तितकाच तो दादोबांच्या आयुष्यांतही आलेला आहे, असें पुढें दिसून येईल.

दादोबांचा जन्म ता. ९ मे १८१४ रोजीं मुंबई येथें झाला. त्यांचें घराणें मूळचें वसईजवळच्या तर्खड गांवचें, म्हणून तर्खडकर हें आडनांव. वडिलांचें नांव पांडुरंग व आईचें यशोदा. या दांपत्याच्या पोटीं जन्मलेले तीन पुत्र पुढें नामांकित झाले, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. थोरले दादोबा. मधले भास्कर पांडुरंग. यांनीं १८४१ सालीं मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत पत्रें लिहून कंपनी सरकारच्या राज्यकारभारावर निर्भय टीका केली. धाकटे डॉक्टर आत्माराम पांडुरंग. हे १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक प्रमुख संस्थापक होत. दादोबांच्या नांवांतील शेवटचें अक्षर पाहा. ज्ञानोबा, तुकोबा, विठोबा, खंडोबा यांत जो 'बा' आहे, तोच येथेंही आहे. मराठी माणूस ज्यास मान देतो त्यास प्रेमही देतो, आणि एका अक्षरांत दोन्ही गोष्टी साधतो, याचा हा लहानसा पुरावा होय.

दादोबांचें शिक्षण मुंबईंत एतद्देशीय शिक्षण मंडळीच्या शाळेंत झालें. तो काळ मोठ्या घडामोडीचा होता. १८१८ सालीं पेशवाई संपली होती, नव्या शाळा निघत होत्या, छापखाने सुरू होत होते, आणि १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' हें पत्र काढलें होतें. मराठी भाषेचा अभ्यास त्यापूर्वींही झालेला होता, नाहीं असें नाहीं. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापिलें होतें. मोल्सवर्थसाहेबांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला होता. परंतु केरींचें व्याकरण इंग्रजींत होतें, व तें परक्या मनुष्यास मराठी यावी म्हणून लिहिलेलें होतें. मराठी मुलगा संस्कृताचें व्याकरण घोकी, इंग्रजीचें व्याकरण पाठ करी. मात्र स्वतःच्या आईच्या भाषेला व्याकरण आहे, आणि तें शिकण्याच्या योग्यतेचें आहे, असें त्यास कोणी सांगत नसे.

शिक्षण आटोपल्यावर दादोबा कांहीं काळ माळव्यांतील जावरा संस्थानच्या नबाबांचे शिक्षक होते. दरबारी वातावरणांत शब्दाशब्दाला मान व मर्यादा सांभाळावी लागते, हें निराळें सांगावयास नको. पुढें १८३६ सालीं, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध झालें. आजचे बावीस वर्षांचे तरुण पदवी-परीक्षेच्या निकालाची वाट पाहत असतात, त्या वयांत या तरुणानें एका संपूर्ण भाषेची घडी बसविली. पुस्तकाची मांडणी करितांना त्यांनीं संस्कृत व इंग्रजी या दोन्ही व्याकरणपरंपरांचा उपयोग केला. तें पुस्तक व त्याची १८६५ सालची लहान आवृत्ति 'मराठी लघुव्याकरण' यांवर महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. लोकांनीं त्यांस मराठी भाषेचे पाणिनि ही पदवी दिली, ती उगीच नव्हे.

आतां व्याकरणांतील त्या प्रकरणाकडे वळूं. मराठींत समोरच्या एका मनुष्यास उद्देशून बोलावयाच्या तीन पायऱ्या आहेत : 'तूं', 'तुम्ही' आणि 'आपण'. त्याप्रमाणेंच आज्ञेच्याही तीन पायऱ्या आहेत : 'ये', 'या' आणि 'यावें'. मनुष्य एकच असतां अनेकवचन योजिलें म्हणजे त्यास आदरार्थी बहुवचन म्हणतात. शिपाई आला, पण साहेब आले. मुलगी आली, पण बाई आल्या. या लेखांत आम्ही दादोबा होते, दादोबा गेले असें लिहीत आहों, तेंही आदरार्थी बहुवचनच. याशिवाय राव, पंत, जी, बुवा, साहेब, ताई, अक्का असे शब्द नांवास जोडून आपण मान दाखवितों. जुन्या पत्रांत वडिलांस 'तीर्थरूप', बरोबरीच्यास 'राजमान्य राजश्री' व लहानांस 'चिरंजीव' लिहीत. पाहुण्याच्या घरास वाडा व आपल्या वाड्यास गरीबाची झोंपडी म्हणण्याची चाल तर अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. निघतांना आपण 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतों. कारण निरोप घेतांनाही पुन्हां भेटण्याचें वचन द्यावें, अशी आपल्या भाषेची शिकवण आहे.

परंतु विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट बारकाईनें पाहावी. आपण 'बाबा आले' म्हणतों, पण 'आई आली' म्हणतों. गांवच्या पाटलास 'तुम्ही' म्हणणारा मनुष्य देवळांत जाऊन देवास 'तूं' म्हणतो; आम्ही ख्रिस्ती लोकही मराठींत प्रार्थना करितांना परमेश्वरास 'तूं' असेंच संबोधितों. मग आई व देव यांचा मान बापापेक्षां व पाटलापेक्षां कमी आहे काय ? मुळींच नाहीं. यावरून असें सिद्ध होतें कीं, एकवचनाचे दोन प्रकार आहेत. एक एकवचन अतिशय जवळिकीचें, जेथें मध्यें कोणताही पडदा उरत नाहीं. व दुसरें तुच्छतेचें, जें वरचा मनुष्य खालच्यावर फेंकतो. शब्द एकच, परंतु पहिल्यानें हृदय उघडतें आणि दुसऱ्यानें तें बंद होतें. व्याकरणाचें पुस्तक दोहोंचें रूप सारखेंच लिहील. त्यांतील भेद मात्र बोलणाऱ्याच्या मनांत पाहावा लागतो.

ही गोष्ट केवळ मराठीचीच आहे असें नाहीं. आदराच्या भाषेची सर्वांत विस्तृत रचना ज्या भाषांत आढळते, त्यांत जपानी भाषा अग्रगण्य आहे. पोर्तुगीज पाद्री जुवांव रॉद्रिगिश यांनीं १६०४ ते १६०८ या काळांत नागासाकी येथें जपानी भाषेचें मोठें व्याकरण छापिलें, त्यांत या विषयास त्यांस पुष्कळ जागा द्यावी लागली. जपानी व्याकरणकार आदरवचनांचे मुख्य तीन वर्ग करितात : दुसऱ्यास उंच करणारीं, स्वतःस नम्र करणारीं, आणि ऐकणाऱ्याशीं सभ्यता राखणारीं. दुसऱ्याच्या येण्यास एक क्रियापद व स्वतःच्या येण्यास दुसरें, असा तेथील प्रकार आहे. देणें-घेणें या साध्या क्रियांनाही कोणी कोणास दिलें यावरून निरनिराळे शब्द योजावे लागतात. मान्य मनुष्याकडून कांहीं मिळालें असतां 'इतादाकु' हें क्रियापद येतें; त्याचा मूळ अर्थ डोक्यावर घेणें असा आहे. प्रसाद हातीं पडतांच तो मस्तकास लावणाऱ्या आमच्या आजीबाईंना हा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. जपानी मनुष्य जेवणापूर्वीं याच क्रियापदाचें रूप उच्चारितो, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तसेंच आभार मानण्याचा त्यांचा 'आरिगातो' हा शब्द ज्या मूळ शब्दापासून आला, त्याचा अर्थ असणें कठीण, म्हणजेच दुर्मिळ, असा आहे. तुम्हीं केलेलें हें काम सहजासहजीं घडणारें नव्हे, एवढा आशय त्या एका शब्दांत भरलेला आहे.

आपल्या मराठींत कृतज्ञतेचे शब्द कोणते ? 'आभार' या शब्दांत भार आहे; उपकाराचें ओझें आपल्यावर आहे, असें तो सुचवितो. 'ऋणी' या शब्दांत कर्ज आहे. 'कृतज्ञ' म्हणजे केलेलें जाणणारा. 'धन्यवाद' म्हणजे समोरच्यास धन्य म्हणणें. हे सर्व शब्द सुंदर आहेत. पण खरें पाहतां ते बहुधा सभेंत व पत्रांत शोभतात. आपल्या खेड्यांतील म्हातारीस कोणी रस्ता ओलांडून दिला, तर ती आभार मानीत नाहीं. ती 'सुखी राहा, बाळा' म्हणून आशीर्वाद देते. जेवून उठलेला ब्राह्मण 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. गोमंतकांत कोंकणी बोलणारे लोक 'देव बरें करूं' म्हणतात, आणि तोच त्यांचा आभारप्रदर्शनाचा नेहमींचा शब्द आहे. सारांश, उपकाराची फेड आपण करूं शकत नाहीं हें जाणून ती देवावर सोंपवावी, ही आपल्या लोकांची जुनी रीति होय. म्हणून मराठी मनुष्य आभार मानीत नाहीं असा जो आरोप केला जातो, तो पुरता खरा नाहीं. तो आशीर्वाद देतो, किंवा मुकाट्यानें ध्यानांत ठेवितो. तथापि मुकाट्यानें ध्यानांत ठेवण्याच्या नांवाखालीं पुष्कळदां मुकाट्यानें विसरणेंही चालतें, हें आपण प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

आतां पुन्हां चरित्राकडे येऊं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें कांहीं काळ अध्यापन केल्यावर दादोबांची नेमणूक सुरत येथें झाली. तेथें गुजराथी शिक्षक दुर्गाराम मेहताजी वगैरे मित्रांच्या साहाय्यानें त्यांनीं ता. २२ जून १८४४ रोजीं 'मानवधर्मसभा' स्थापिली. तत्पूर्वींच १८४३ सालीं त्यांनीं 'धर्मविवेचन' हा ग्रंथ लिहिला होता. तो छापून प्रसिद्ध होण्यास मात्र १८६८ साल उजाडावें लागलें. ईश्वर एक आहे, खरा धर्म प्रीति व नीति यांवर उभा आहे, आणि मनुष्यमात्राची जात एकच आहे, असें त्यांचें मत होतें.

या शेवटच्या वाक्याचें वजन समजण्यास त्या काळचें बोलणें डोळ्यांपुढें आणावें लागतें. त्या काळीं कोणास 'तुम्ही' म्हणावें हें वय पाहून ठरत नसे, गुण पाहून तर नाहींच नाहीं. तें जात पाहून ठरत असे. उच्च जातीचें आठ वर्षांचें पोर साठ वर्षांच्या कष्टकरी म्हाताऱ्यास 'अरे' म्हणून हांक मारी, आणि म्हातारा त्या पोरास 'जी' म्हणून उत्तर देई. गोविंदाचा एका ठिकाणीं गोविंदपंत होई व दुसऱ्या ठिकाणीं गोंद्या होई. व्याकरणाच्या नियमांत यांपैकीं कांहींही चुकीचें नव्हतें. कर्ता व क्रियापद यांचा मेळ बरोबर बसे. माणसामाणसांचा मेळ मात्र तुटलेला असे. ज्या पुरुषानें आदरार्थी बहुवचनाचें व्याकरण मुलांच्या हातीं दिलें, त्याच पुरुषानें सर्व मनुष्यांची जात एक आहे असें लिहून ठेवावें, या योगायोगांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. पहिल्या कामानें आदर कसा द्यावा हें कळतें. दुसऱ्यानें तो कोणास द्यावा हें कळतें. एकावांचून दुसरें अपुरें आहे.

१८४६ च्या सुमारास दादोबा मुंबईस परत आले व शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख झाले. गांवोगांवच्या शाळांसाठीं पंतोजी तयार करण्याचें हें काम व्याकरण लिहिण्याइतकेंच मोलाचें होतें. १८४८ सालीं विद्यार्थ्यांनीं काढलेल्या ज्ञानप्रसारक सभेच्या मराठी शाखेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्यानंतर लवकरच, १८४९ सालीं, त्यांच्या विचारांनीं भारलेल्या तरुणांची 'परमहंस सभा' मुंबईंत सुरू झाली. जातिभेद मोडणें हा तिचा मुख्य उद्देश होता. सभेचे लोक एकत्र प्रार्थना करीत, निबंध वाचीत, आणि जातीचें बंधन झुगारून एका पंक्तीस बसून खात. परंतु हें सर्व गुप्तपणें चाले. बहुसंख्य लोक आपल्याकडे वळेपर्यंत नांवें उघड करूं नयेत, असा तिचा विचार होता. कारण जातिबहिष्कार म्हणजे त्या काळीं घर, सोयरिक व स्मशान या तिन्हींस मुकणें होतें. अखेर १८६० सालीं सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, सभासदांचीं नांवें उघडकीस येण्याची वेळ आली, आणि भीतीनें सभा मोडली.

या घटनेवरून कांहीं टीकाकार त्या मंडळीस भित्रे म्हणतात. आम्हांस हा न्याय फार कठोर वाटतो. दारें लावून का होईना, परंतु ज्यांनीं वेगळ्या जातीच्या मनुष्यास पंक्तीस घेऊन बरोबरीनें वागविलें, त्यांनीं एक बीं पेरलें. तें बीं फुकट गेलें नाहीं. सात वर्षांनीं त्याच शहरांत प्रार्थना समाज उघडपणें उभा राहिला, व त्याच्या अग्रभागीं दादोबांचे सख्खे बंधु होते. तरीपण गुप्त आदर हा अर्धाच आदर असतो, ही गोष्टही त्या सभेच्या इतिहासावरून शिकण्यासारखी आहे. बंद खोलींत 'तुम्ही' म्हणावें आणि चव्हाट्यावर 'अरे' म्हणावें, यानें समोरच्या मनुष्याची मान ताठ होत नाहीं.

मध्यंतरीं १८५२ सालीं दादोबांची नेमणूक अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें डेप्युटी कलेक्टर म्हणून झाली होती. तेथील भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त त्यांनीं केला व सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. सरकारी अधिकार हातीं असतांही त्यांची लेखणी थांबली नाहीं. विधवाविवाहास अनुकूल असें 'विधवाश्रुमार्जन' हें पुस्तक त्यांनीं १८५७ सालीं लिहिलें. १८६५ सालीं कविवर्य मोरोपंतांच्या 'केकावली' या काव्यावरील त्यांची विस्तृत टीका प्रसिद्ध झाली. तिचें नांव त्यांनीं 'यशोदापांडुरंगी' असें ठेविलें. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, यशोदा ही त्यांची आई व पांडुरंग हे त्यांचे वडील. मराठी माणूस आभार कसे मानतो, या प्रश्नाचें याहून सुंदर उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. त्यांनीं आईबापांचे आभार मानणारें भाषण केलें नाहीं. आपल्या श्रमांचें फळ त्यांच्या नांवानें जगापुढें ठेविलें, आणि जो जो तें पुस्तक हातीं घेईल त्याच्या मुखानें आईबापांचें नांव घेवविलें.

दादोबांच्या व्याकरणावर टीकाही पुष्कळ झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारख्या विद्वानानें त्यांतील मतांचें सविस्तर परीक्षण केलें. दादोबांनीं आपल्या ग्रंथाच्या आवृत्त्या वेळोवेळीं सुधारून काढिल्या, आणि १८८१ सालीं, म्हणजे मृत्यूच्या एक वर्ष आधीं, त्यास एक पुरवणीही जोडिली. बाविसाव्या वर्षीं हातीं घेतलेलें काम सदुसष्टाव्या वर्षींही त्यांस अपुरें वाटत होतें. ता. १७ ऑक्टोबर १८८२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचें अपुरें राहिलेलें आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनीं संपादून १९४७ सालीं प्रसिद्ध केलें. व्याकरणाचें कामही पुढें थांबलें नाहीं. मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं निघालें व त्यानें दादोबांच्या पायावर मोठी इमारत उभारली.

आमच्या मराठवाड्यास या सर्व विद्येचा लाभ उशिरां झाला. ता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, व तेथें सरकारी शिक्षणांत उर्दूचें वर्चस्व होतें. त्यामुळें या शहराच्या बोलण्यांत 'आप', 'मेहेरबानी', 'शुक्रिया' अशी उर्दूची अदबही मुरलेली आहे, आणि ती आपली मिळकतच होय. आज वाळूजच्या कारखान्यांमुळें बजाजनगरांत बीड, जालना, परभणी, बुलढाणा, जळगांव अशा अनेक जिल्ह्यांतून व परप्रांतांतूनही कुटुंबें येऊन राहिलीं आहेत. वऱ्हाड-खानदेशाकडील कित्येक घरांत वडीलधाऱ्यांनाही सरळ 'तूं' म्हणण्याची चाल आहे. तसें बोलणारा मुलगा वर्गांत आला, तर त्यास कोणी उद्धट समजूं नये. त्याचें 'तूं' तुच्छतेचें नाहीं, जवळिकीचें आहे. त्यास 'तुम्ही' अवश्य शिकवावें, परंतु त्याच्या घरच्या बोलीस न हंसतां शिकवावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमची खरी परीक्षा मुख्याध्यापकांशीं बोलतांना होत नाहीं. तेथें सर्वच जण 'आपण' म्हणतात. ती सकाळीं घंटागाडी घेऊन येणाऱ्या काकांशीं, कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याशीं, शाळेचें अंगण झाडणाऱ्या मावशींशीं बोलतांना होते. त्यांस तुम्ही 'अरे' म्हणतां कीं 'अहो' म्हणतां, यावरून तुम्हांस आदरार्थी बहुवचन आलें कीं नाहीं, हें ठरतें. आणि पालकहो, मुलें हा धडा पुस्तकांतून शिकत नाहींत. आपण घरीं कामास येणाऱ्या बाईंशीं व कारखान्यांत हाताखालच्या माणसांशीं कसें बोलतां, तें त्यांच्या कानावर पडतें, आणि तेंच त्यांचें व्याकरण होतें. वर्गांत आम्ही कितीही उदाहरणें फळ्यावर लिहिलीं, तरी घरांत ऐकलेलें वाक्य त्यांवर मात करितें.

दादोबांस जाऊन आतां जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं. त्यांचें व्याकरणाचें मूळ पुस्तक आज शाळांतून लावलेलें नाहीं. परंतु आमच्या प्रत्येक वर्गांत त्यांचे शब्द बोलले जातात. त्यांचे आभार मानावयाचे असतील, तर त्यांच्या पुतळ्यास हार घालण्याची आवश्यकता नाहीं. ज्यास आजपर्यंत कोणी मानानें हांक मारली नसेल, अशा एका मनुष्यास आपण उद्यां 'तुम्ही' म्हणावें, व त्यानें आपलें जें काम केलें असेल, तें आपल्या ध्यानांत आहे, हें त्यास तोंडानें सांगावें. एवढें केलें तरी त्या थोर पुरुषाचें ऋण अंशतः फिटेल, अशी आमची खात्री आहे.